लांबी कुठली, रुंदी कुठली

माझ्या नातीचा एक विषय दोनदा राहिला होता. इंजिनियरिंगच्या कॉलेजात त्याला केटी म्हणतात. केटी लागली तरी पुढच्या वर्गात बसू देतात, पण तो विषय सुटेपर्यंत मानेवर बसून असतो. बाकीचे सगळे सुटले, हा एक सुटेना. पहिल्यांदा ऐंशीपैकी बावीस आले, दुसऱ्यांदा सव्वीस. पास व्हायला बत्तीस लागतात. आता ती शेवटच्या वर्षाला होती आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडून पत्र दिलं होतं. पत्राच्या खाली लिहिलं होतं की शेवटच्या निकालाला एकही विषय राहिलेला असेल तर हे पत्र रद्द समजावं. तिनं ते मला मराठीत करून सांगितलं. मी म्हटलं, बरोबरच आहे, त्यांना काम करणारी पोर हवी, केटीवाली कशाला घेतील. ती माझ्याकडे बघत राहिली. मला गोड बोलता येत नाही आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी येणारही नाही.

कामोठ्यात आमच्या गावाभोवती जे सेक्टर उभे राहिले, त्यांत दर दोन दुकानांमागे एक क्लास आहे. त्यातल्या एका क्लासला ती संध्याकाळी जायची. तिथल्या सरांनी सगळ्या मुलांना सांगितलं की जे शिकलात ते घरी अशा माणसाला समजावून सांगा ज्याला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. सांगताना जिथे अडखळाल, तिथे तुमचं कच्चं आहे असं समजा. आमच्या घरात तसं माणूस शोधायला तिला जागचं उठावं लागलं नाही. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. सून सेक्टरातल्या एका पाळणाघरात कामाला आहे. दुपारी घरात मी एकटी, चौथी पास.

ती माझी आडवं व्हायची वेळ. भांडी झालेली असतात, गुडघे सकाळपासून ठणकत असतात, आणि पंखा लावून पाठ टेकली की तासभर जगाशी माझा संबंध नसतो. नेमकी तेव्हा ती वही घेऊन माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसायची. म्हणायची, "आजी, तू फक्त ऐक. कळलं नाही तर सांग."

पहिल्या दिवशी मी विचारलं, ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच ना. आम्ही रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचो. सासऱ्यांचा एक होता, चामड्याच्या पिशवीतला. शेतावर जाताना ते तो खांद्याला लटकवत. ती म्हणाली, रेडिओच्या पोटात जे बारीक भाग असतात त्यांचं ते नाव, रेडिओला उगाच चिकटलं. तिच्या मोबाईलमध्ये तसले कोट्यवधी आहेत म्हणे. मी म्हटलं, असतील. मला काय मोजायचे आहेत.

मग तिनं सुरुवात केली. एक सिलिकॉनचा तुकडा. त्याच्या एका अंगाला सोर्स, दुसऱ्या अंगाला ड्रेन. इलेक्ट्रॉन सोर्समधून निघतात आणि ड्रेनकडे जातात. मधल्या वाटेला चॅनल म्हणायचं. त्या वाटेच्या वर गेट, म्हणजे दार. पण दार वाटेला टेकत नाही. दार आणि वाट यांच्यामध्ये काचेसारखा एक पातळ थर असतो, त्यातून काही आरपार जात नाही.

मी म्हटलं, पाण्याला न लागणारं दार कसलं दार? आमचा जन्म दारं उघडण्यात आणि लावण्यात गेला. आता हे सेक्टर आहेत तिथे आमची भातशेती होती आणि खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मोठा मातीचा बांध होता. त्या बांधात उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातून पाणी जायची दगडी वाट आणि तिला लाकडी दारं. ओहोटी लागली की दारं उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत दारं लावून घ्यायची. दार पाण्यात उतरायचं, पाण्याला अडवायचं. ती उघाडी कुठे होती हे आज कुणाला दाखवायचं तर मला रिक्षा स्टँडपासून पावलं मोजावी लागतात.

ती म्हणाली, "तसं नाही आजी. गेटला वीज दिली नाही तर तिथे वाटच नसते. वीज दिली की गेट वरून इलेक्ट्रॉन खेचतं, ते काचेखाली येऊन गोळा होतात, आणि त्या गोळा झालेल्यांचीच वाट होते."

"म्हंजे चर खनलेलाच नाय?"

"नाही. गेटनं बोलावलं तर होतो."

मी जरा विचार केला आणि म्हटलं की मग ती उघाडी नाही, ते रेशनचं दुकान आहे. शटर वर गेलं की लाईन लागते, खाली आलं की सगळी आपापल्या घरी. शटर थोडंसंच वर गेलं तर कुणी जागचं हलत नाही, कमरेएवढं वर आलं की मग बाया पिशव्या घेऊन उठतात. ती एवढी हसली की शेजारीण खिडकीतून डोकावली. म्हणाली, त्या कमरेएवढ्याला थ्रेशोल्ड म्हणतात. वहीत तिनं खरंच कडेला 'शटर' असं लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं, ही पोर हुशार आहे, मग हिचं अडतं कुठे.

पुढचे पंधरा-वीस दिवस हेच. मी डोळे मिटून पडलेली आणि ती बोलते आहे. मोबिलिटी म्हणजे इलेक्ट्रॉनला ढकललं की तो किती सहज पळतो. गरम झालं की कमी पळतो. सिलिकॉनमध्ये भेसळ जास्त असली की कमी पळतो. आणि गेटनं फार जोरात वर ओढलं तर तो छताला घासत जातो, म्हणूनही कमी पळतो. हे मला एका दमात पटलं. कुणीही वरून फार ओढलं की माणूस असंच घासत चालतं. मग कपॅसिटन्स. गेटच्या पट्टीवर किती चार्ज मावतो ते. काचेचा थर जितका पातळ, तितका जास्त मावतो आणि खाली तितके जास्त इलेक्ट्रॉन गोळा होतात. पट्टी जितकी मोठी, तितका जास्त मावतो. पण मावतो म्हणजे भरावाही लागतो, आणि भरायला वेळ लागतो.

सून एकदा लवकर घरी आली. मी पडलेली, पोरगी बडबडते आहे. सुनेनं दारातूनच विचारलं, "आई, तुम्ही ऐकताय की झोपलाय?"

मी म्हटलं, "झोपले तरी ऐकतंय. तू चहा टाक."

खरं सांगायचं तर मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. एकच गोष्ट रोज. रोज ती वाटेच्या लांबी-रुंदीपर्यंत यायची आणि तिथे तिची जीभ जड व्हायची. पुस्तकातलं वाक्य घडाघड म्हणायची की वाट रुंद केली तर वीज जास्त वाहते, लांब केली तर कमी. मग वहीतलं गणित करायला घ्यायची आणि गणित चुकायचं. थोडंथोडकं नाही. उत्तर असायला हवं त्याचा शंभरावा हिस्सा यायचा. दर वेळी शंभर नाही, कधी पंचवीस, कधी चारशे. पण त्या धड्यातल्या बहुतेक चित्रांत मापं अशी होती की शंभराचा फरक पडायचा.

आणि त्या शंभरानंच घोळ घातला. कॉलेजातल्या बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, शंभराचा फरक म्हणजे तुझे सेंटिमीटर-मीटर चुकतायत, युनिट बघ. क्लासच्या सरांनी बघितलं, तेही म्हणाले, युनिट बघ. शंभर सेंटिमीटरचा एक मीटर हे तर मलाही माहीत. मग ती युनिट बघत बसायची. दीड वर्ष ती युनिटच बघत होती. भिंतीला तक्ता चिकटवला होता, मिली, मायक्रो, नॅनो. आंघोळीला जाताना पाठ म्हणायची. युनिट तिची कधीच चुकलेली नव्हती.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असतील. त्या दुपारी तिनं तेच गणित तिसऱ्यांदा केलं आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. तिनं पेन्सिल फेकली. ती मोरीजवळ जाऊन पडली. म्हणाली, मला नाही जमत, मी परीक्षेला बसत नाही.

मी म्हटलं, नको बसू. पनवेलला नवा मॉल झालाय तिथे मोबाईल विकणाऱ्या पोरी लागतात, बारावीवर घेतात.

हे मी चिडवायला बोलले नव्हते. मला खरंच वाटलं होतं की पुरे आता. तिचं ते रोज सुकत जाणारं तोंड बघून मला थकवा आला होता, आणि माझं स्वतःचं अंगही त्या दिवशी धड नव्हतं. पण तिला ते लागलं. ती खाली मान घालून म्हणाली, "तू पण?"

मग मी उठून बसले. उठून बसणं म्हणजे आता माझं दोन मिनिटांचं काम आहे, आधी एक पाय, मग खाटेचा कठडा, मग दुसरा पाय. बसले आणि म्हटलं, दाखव काय चुकतंय ते. इतक्या दिवसांत मी ती वही हातात घेतली नव्हती. ऐकायला सांगितलं होतं, मी ऐकत होते.

तिनं वही पुढे केली. म्हणाली, उत्तरं पुस्तकात मागे छापलेली आहेत, दोन प्रश्न आहेत, एक बरोबर येतो आणि एक चुकतो.

"बरोबर कुठला येतं?"

"कपॅसिटन्सचा. तो दर वेळी बरोबर येतो."

"त्याच्यात काय करतंस?"

"लांबी गुणिले रुंदी. मग काचेच्या थराचा आकडा."

"आनि चुकतं त्याच्यात?"

"रुंदी भागिले लांबी. मग मोबिलिटी, मग बाकीचं."

मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. गुणाकाराला कुठला आकडा आधी आणि कुठला नंतर याचं काही नसतं, बे पाचे दहा आणि पाच दुणे दहा. भागाकाराला असतं. हे आम्हाला तिसरीत शिकवलं होतं, छडी मारून. मी तिला म्हटलं की गुणाकार बरोबर आणि भागाकार चूक, म्हणजे तुझ्या आकड्यांची अदलाबदल झाली आहे. लांबी कुठली धरलीस ती दाखव.

तिनं चित्रावर बोट ठेवलं. चित्र वरून बघितल्यासारखं काढलेलं होतं. मध्ये गेटची एक लांबट आडवी पट्टी, जशी ब्लाऊजच्या हाताला काठाची पट्टी लावतात तशी. एका बाजूला वीस लिहिलेलं, एका बाजूला दोन. कुठली लांबी, कुठली रुंदी ते लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या पेपरातही लिहीत नाहीत, म्हणाली, नुसतं चित्र आणि मापं देतात, ते ओळखणं हाच प्रश्न असतो. तिचं बोट वीसवर होतं.

"ही लांबी. ही रुंदी, दोन."

"आनि इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातान?"

तिनं पट्टीच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं आणि खालच्या अंगाला नेलं. आडवी पट्टी वरून खाली ओलांडली. दोनाची बाजू.

मी म्हटलं, "मंग ती लांबी."

"ती? ती तर छोटी आहे."

"पानी जातं ती लांबी, बाय. ती वीतभर का असंना."

मी तिला आमच्या उघाडीची गोष्ट सांगितली, कारण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला अजून खरं वाटत नाही. आमची उघाडी चार दारांची होती. चार दारं एका ओळीत म्हणजे बारा हात झाले. आणि बांधाची जाडी सहा हात. पाणी शेतातून निघून खाडीत पडायला सहा हातच जायचं. सासरे उघाडीचं बघायचे, त्यांच्या तोंडी लांबी सहा आणि रुंदी बारा. रुंदी दारांवर मोजायची आणि लांबी पाण्याच्या चालीवर. एकदा उघाडीची दुरुस्ती निघाली तेव्हा कुठल्याशा ऑफिसातून एक ओव्हरसियर आला, टेप लावून मापं घेतली आणि कागदावर लांबी बारा, रुंदी सहा असं लिहून घेऊन गेला. शिकलेला माणूस. मोठा आकडा ती लांबी. सासरे बोलले त्याला, पण ते लंगोटीवर उभे, त्यांचं कोण ऐकतं. पुढे त्या मापानं वाटेवर टाकायच्या लाद्या आल्या आणि एकही बसली नाही. त्या तिथेच काठावर पडल्या आणि आम्ही बायका कैक वर्षं त्यांवर कपडे आपटत होतो.

तिनं हसायला हवं होतं. हसली नाही. मोरीजवळची पेन्सिल आणली आणि गणित करायला बसली. वीस भागिले दोन. आधी ती दोन भागिले वीस करत होती. दहाच्या जागी एक दशांश, म्हणजे शंभराचा फरक. ती पाठीमागचं उत्तर बघून आली. पुन्हा बघून आली. दुसरं गणित केलं, तेही आलं. तिसरं केलं.

मला वाटलं, आता ही आनंदानं उड्या मारेल. तिनं वहीची पहिली पानं काढली. दीड वर्षापूर्वीच्या पहिल्या चित्रावर तिच्या हातानं मोठ्या बाजूला लांबी म्हणून खूण केलेली होती. त्यापुढच्या प्रत्येक चित्रावर तीच खूण. म्हणाली की शाळेत शिकवलं होतं, आयताची मोठी बाजू ती लांबी आणि लहान बाजू ती रुंदी. म्हटलं, मलाही तेच शिकवलं. गुरुजींनी पाटीवर आयत काढून प्रत्येकाला उठवून विचारलं होतं. ते शेताच्या तुकड्याला ठीक आहे. तुकडा जागचा हलत नाही, त्यातून काही वाहत नाही.

तिनं वही मिटली. मी आडवी झाले, पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं सांगणं बदललं. आता ती पुस्तकातलं वाक्य म्हणत नव्हती, मला विचारत होती. उघाडी रुंद केली असती तर काय झालं असतं? मी म्हटलं, पाणी जास्त गेलं असतं, पण दारं वाढली असती. आमच्या चार दारांना चार गडी लागायचे, सहा दारं झाली असती तर सहा. भरती काही थांबत नाही, माणसं मिळेपर्यंत.

ती म्हणाली, "हेच. रुंदी वाढवली की वीज वाढते, पण गेटची पट्टीपण वाढते, कपॅसिटन्स वाढतो. भरायला वेळ. म्हणून नुसती रुंदी वाढवून वेग मिळत नाही."

"आनि लांबी कमी केली तं?"

"तर दोन्हीकडून फायदा. जायचं अंतर कमी आणि पट्टी पण लहान. म्हणून सगळे लांबी कमी करायच्या मागे असतात. दर काही वर्षांनी आणखी कमी."

मी म्हटलं, म्हणजे बांध बारीक करायचा. हो, म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे एकानं केला होता, शेताला माती हवी म्हणून बांधाची जाडी आतून खरवडून नेली. मग दारं लावलेली असली तरी पाणी येत राहिलं. खेकड्याच्या बिळातून, मातीतून, कुठून ते कळतही नव्हतं. दार बंद आणि शेत खारं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली की अगदी हेच होतं, लांबी फार कमी केली की गेट बंद असलं तरी वीज गळत राहते, आणि तिला ज्या कंपनीनं निवडलंय तिथे हेच बघायची माणसं आहेत.

मला ते ऐकून बरं वाटलं असं काही नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत बसून इतकी शिकलेली माणसं गळतीच बघतात हे ऐकून उलट थकल्यासारखं झालं. आमची निम्मी हयात गळती बुजवण्यात गेली. चिखल डोक्यावरून नेऊन टाकायचा, पुढच्या उधाणाला पुन्हा टाकायचा.

परीक्षेच्या दिवशी सून तिच्याबरोबर पनवेलपर्यंत गेली. मी गेले नाही, रिक्षात चढणं-उतरणं मला झेपत नाही. ती परत आली तेव्हा मी विचारलं, चित्र आलं होतं का. आलं होतं, म्हणाली. पट्टी उभी होती या वेळी. तिनं आधी बोटानं वाट आखली, मग लांबी-रुंदीची अक्षरं लिहिली. पुढे काय ते विचारलं तर म्हणाली, माहीत नाही आजी, आता काही विचारू नकोस. जेवली नाही. झोपली ती दुसऱ्या दिवशी दहाला उठली.

निकालाला दीड महिना लागला. ते दिवस वाईट गेले. पुण्याच्या कंपनीतून दोनदा फोन आला की सगळे विषय सुटल्याची मार्कलिस्ट पाठवा. तिनं दोन्ही वेळा सांगितलं की निकाल लागायचा आहे. दुसऱ्या फोननंतर त्यांनी तारीख दिली, त्यापुढे थांबणार नाही म्हणाले. तारखेच्या आदल्या दिवशीही निकाल नव्हता. मुलगा पाळीवरून येऊन नुसता भिंतीकडे बघत जेवायचा. सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, आई, सुटेल का हो? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय पेपर तपासलेत.

निकाल त्या तारखेला सकाळी अकरा वाजता लागला. मोबाईलवर. तिनं तीनदा आत जाऊन बघितलं, तेव्हा कुठे पान उघडलं. एकेचाळीस. सून रडली, मग पेढे आणायला गेली. मुलाला फोन केला तर कारखान्याच्या आवाजात त्याला ऐकूच येईना. मग त्यानं स्वतः बाहेर येऊन पुन्हा फोन केला.

पोरगी ओट्यावर जाऊन बसली होती. मी भिंत धरत तिच्यापाशी गेले आणि बसले. समोरून रिक्षा जात होत्या, क्लासची मुलं जात होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "आजी, मला येत होतं ना सगळं? पहिल्यापासून?"

"येत व्हतं."

"मग मला दोनदा नापास का केलं?"

"उत्तर चुकीचं व्हतं म्हनून."

ती म्हणाली की दीड वर्षात कॉलेजातल्या बाईंनी आणि क्लासच्या सरांनी ती वही बघितली, एकानं जरी विचारलं असतं की वीज कुठून कुठे जाते, तर... त्यांनाही सत्तर-सत्तर पोरं असतील. आणि मीही वीस दिवस तिच्या शेजारी पडून होते.

हे मी तिला सांगितलं. म्हटलं, मीपण बघितली नाय वही.

तिनं मान हलवली. उठून तोंड धुतलं, केस बांधले. सून पेढे घेऊन आली तेव्हा तिनं एक माझ्या हातावर ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला आणि मार्कलिस्टची प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. कंपनीला ती संध्याकाळी पाचच्या आत हवी होती.